परीक्षा क्लाउडची की इंग्रजीची?

सुरत म्हटले की मराठी माणसाला 1664 आणि 1670 ही दोनच साले आठवतात. महाराजांनी सुरत लुटली, इथे आपले सुरतेचे ज्ञान संपते. आज त्याच शहरात उधना, लिंबायत, डिंडोली भागांत जरा हिंडून पाहा. जळगाव, धुळे, नंदुरबारहून पोटासाठी आलेली खानदेशी कुटुंबे तिथे गल्लोगल्ली भेटतील. पॉवरलूमवर, डाइंगच्या गिरण्यांत, रिंग रोडच्या कापड बाजारात राबणारी ही माणसे. तिथे महापालिकेच्या मराठी शाळासुद्धा आहेत! आपल्या साहित्यसंमेलनांच्या नकाशावर मात्र ही वस्ती नाही.

मागे कामानिमित्त काही दिवस तिथे होतो. ह्या वस्तीतली दुसरी पिढी आता लूमवर जायला तयार नाही. पोरे डिप्लोमा, बीएस्सी करतात आणि मग क्लाउडच्या सर्टिफिकेटमागे लागतात. क्लाउड म्हणजे काय? स्वतःचे संगणक विकत न घेता दुसऱ्याचे भाड्याने घ्यायचे आणि आपले काम इंटरनेटवरून चालवायचे. हे भाड्याचे घर नीट मांडता येते, ह्याचा दाखला म्हणजे हे सर्टिफिकेट. ॲमेझॉनची 'सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट' ही परीक्षा घ्या. 65 प्रश्न, 130 मिनिटे, 1000 पैकी 720 गुण हवेत. फी 150 डॉलर, म्हणजे बारा हजार रुपयांच्या वर. दाखला तीन वर्षे टिकतो, मग पुन्हा परीक्षा. घरून देण्याची सोय आहे, पण खोलीत दुसरे कोणी असता कामा नये. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घराने हे कसे जमवायचे?

खरी अडचण मात्र पुढेच आहे. प्रश्न एका ओळीचा नसतो. अमुक कंपनीचे असे असे काम आहे, तिला असे असे हवे आहे, अशी लांबलचक गोष्ट असते. चार पर्यायांतले दोन-तीन बरोबरच वाटतात. निकाल लागतो तो शेवटच्या चार शब्दांवर : सगळ्यांत कमी खर्चाचा कोणता? कमीत कमी देखभालीचा कोणता? आणि हे सगळे इंग्रजीत. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, दोस्तांत हिंदी बोलणारा मुलगा सर्व्हर बिनचूक उभा करतो आणि त्या वाक्याच्या वळणावर अडखळतो. मग काय करायचे? फुटलेल्या प्रश्नांचे गठ्ठे पाठ करायचे! ही घोकंपट्टी आळसातून येत नाही. समजून घ्यायची वाटच बंद असली की माणूस पाठ करतो.

आता गंमत बघा. हीच परीक्षा जपानीत देता येते, कोरियनमध्ये देता येते, इटालियनमध्येही देता येते. इटलीची सगळी लोकसंख्या सहा कोटींच्या आत. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख! ॲमेझॉनचा मुंबई विभाग 2016 साली सुरू झाला, म्हणजे यंत्रे आपल्या मुंबईत घरघरतात, पण प्रश्नपत्रिका मराठीत नाही, हिंदीतही नाही. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना अर्धा तास जादा मिळतो, पण तो आधी मागून घ्यावा लागतो. किती पोरांना हे कोणी सांगितले?

कंपनीला शिव्या घालणे सोपे आहे. ती व्यापारी आहे, जिथे मागणी तिथे माल. प्रश्न असा की मागणी कोणी केली? आपले पंडित म्हणणार, मराठीत हे विषय सांगताच येत नाहीत. दुसरे पंडित 'मेघसंगणन' असा शब्द पाडून झोपी जाणार. दोघांनाही उधन्याला पाठवा! 'अव्हेलॅबिलिटी झोन' म्हणजे एकाच शेटचे वेगवेगळ्या फीडरवरचे दोन कारखाने, एकाची वीज गेली तरी दुसरा चालू. 'ऑटो स्केलिंग' म्हणजे लग्नसराईत बाजारात जादा माणसे घ्यायची आणि सीझन उतरला की कमी करायची. कोणाकडे गोदामाची किल्ली आणि कोणाकडे गल्ल्याची, हा हिशेब म्हणजे 'आयएएम'. शब्द इंग्रजीच राहू देत, समज मराठीत द्या. लूमवाल्याच्या पोराला हे दहा मिनिटांत कळते.

कोणी म्हणेल, पुढे नोकरीत इंग्रजीच लागणार ना? लागणारच. शिकू द्या की! पण विषय आधी आपल्या भाषेत पक्का झाला तर ते इंग्रजी शब्द डब्यावरच्या चिठ्ठ्यांसारखे वाचता येतात. डबाच रिकामा असेल तर नुसती चिठ्ठी काय कामाची? जेईई मेन 2021 पासून मराठीतून देता येते. देशाचे इंजिनियर निवडणारी परीक्षा जिथे मराठीत होते, तिथे ही का नको?

आणि हे सुरतेला नवे नाही. 1836 साली ज्यांचे मराठी व्याकरण छापले गेले ते दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे ह्याच सुरतेत शिक्षक होते. 1844 साली दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी तिथे मानवधर्म सभा काढली. मराठी वैयाकरण आणि गुजराती मास्तर एकत्र बसले, नवा विचार लोकांच्या भाषेत बोलू लागले. त्याच शहरातल्या नर्मदने जवळजवळ एकट्याने गुजरातीचा कोश रचला, तो 1873 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सरकारी दर्जाची वाट पाहिली नाही.

आपण गोमंतकीय मात्र 1987 च्या राजभाषा कायद्यापासून दर्जाचे भांडण भांडतो आहोत. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा इथेही पेढे वाटले. भांडा, जरूर भांडा. पण म्हापशाचा, डिचोलीचा, काणकोणचा प्राथमिक मराठीतून शिकलेला मुलगाही पाचवीत इंग्रजीच्या त्याच भिंतीवर आपटतो आणि पुढे बंगळुरात हीच परीक्षा द्यायला बसतो. त्याच्यासाठी आपण काय लिहिले? एका संमेलनाच्या मांडवाच्या खर्चात क्लाउडचे एक सुबोध मराठी पुस्तक आणि सरावाचे पाचशे प्रश्न तयार होतील. आपल्या वाचनालयांत परीक्षेसाठी एक बंद खोली, एक संगणक ठेवता येईल. गोव्यातून पुण्या-बंगळुरास गेलेले, ही परीक्षा पास झालेले मराठी इंजिनियर थोडेथोडके नाहीत. रविवारचे दोन तास त्यांच्याकडे मागा.

जी भाषा पोराला भाकरीच्या वाटेवर सोबत करत नाही, ती पुढची पिढी कशासाठी सांभाळील?