काडीमोड सोपा, वाटणी अवघड

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून अधिकृतपणे बाहेर पडले. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी 'बाहेर पडा' असा कौल दिला होता. त्या कौलाची अंमलबजावणी करता करता साडेतीन वर्षे गेली, डेव्हिड कॅमेरॉन आणि थेरेसा मे या दोन पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले, आणि व्यापार कराराचा मसुदा ठरला तो २४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे संक्रमणकाळ संपायला जेमतेम एक आठवडा उरला असताना. प्रश्नपत्रिकेवर प्रश्न एकच होता, राहायचे की जायचे? गेल्यानंतर सीमाशुल्काचे काय, मच्छीमारांच्या हक्काचे काय, उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील उघड्या सीमेचे काय, या प्रश्नांना मतपत्रिकेवर जागा नव्हती. ते प्रश्न मतदानानंतर उभे राहिले आणि सामान्य ब्रिटिश नागरिकाच्या काळजीचा विषय झाले. स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला होता. त्यालाही इतरांबरोबर बाहेर पडावे लागले.

लंडनची ही कथा चिमूरच्या बाजारात सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. विदर्भाने महाराष्ट्रातून वेगळे व्हावे की नाही, हा वाद या भागात तीन पिढ्या चालला आहे. आणि या तीन पिढ्यांत बहुतेक सर्व भाषणे 'व्हावे की नाही' एवढ्यापुरतीच झाली. 'होताना काय होईल' यावर सभा घेणारा नेता विरळा.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. युरोपीय संघ ही सार्वभौम राष्ट्रांनी केलेली रचना आहे. तिच्यातून बाहेर पडणे म्हणजे एका राष्ट्राने आपला अधिकार परत घेणे. भारतातील राज्ये ही तशी राष्ट्रे नव्हेत. राष्ट्र एक आहे, आणि राज्ये ही त्याच्या कारभाराची सोय आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटून उठलेले चिमूर इंग्रजी सत्तेविरुद्ध उभे राहिले ते तालुक्यासाठी किंवा प्रांतासाठी नव्हे. चिमूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. पुढे मध्य प्रदेशात राहिले, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. फलक तीन वेळा बदलला, त्याने चिमूरच्या देशभक्तीत तसूभर फरक पडला नाही. म्हणून वेगळ्या विदर्भाची मागणी करणाऱ्याला फुटीर म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे. त्याचप्रमाणे या मागणीला स्वातंत्र्ययुद्धाचा साज चढवणेही तितकेच चुकीचे. प्रश्न सोयीचा आहे, आणि सोयीचा प्रश्न हिशेबानेच सोडवावा लागतो.

दुसरा भेद व्यापाराचा. ब्रिटनने सामायिक बाजारपेठ सोडली. विदर्भाला ती सोडावी लागणार नाही. घटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मुक्त आहे, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे तपासणी नाकेही उठले. उलट गंमत अशी की, विदर्भाच्या शेतकऱ्याला बंद बाजारपेठेचा अनुभव महाराष्ट्रात राहूनच आला. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत कापूस उत्पादकाने आपला माल राज्य पणन महासंघालाच विकायचा, असे बंधन होते. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी कापसाची गाडी सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा ठरत असे. स्वतःच्या रानात पिकवलेला कापूस रात्रीच्या अंधारात चोरासारखा न्यावा लागणे, याहून मोठी विटंबना ती कोणती? २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी होईपर्यंत ही मक्तेदारी टिकली. हे धोरण मुंबईत ठरले आणि त्याची झळ मुख्यतः वऱ्हाड-विदर्भाला बसली. 'आपले निर्णय आपण घेऊ' या घोषणेला येथे जी धार आली, तिचे एक कारण या कापसाच्या गाड्यांत आहे.

विलीनीकरणाच्या वेळी दिलेल्या शब्दांचा इतिहास तर याहून कडू आहे. १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या मराठी प्रांताचा ठराव केला होता. १९५५ साली फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य व्हावे अशी स्पष्ट शिफारस केली. तरीही १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, ते २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराच्या भरवशावर. त्या करारावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासमवेत रामराव देशमुख, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर अशा विदर्भाच्या नेत्यांच्याही स्वाक्षऱ्या आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, विकासाचा समन्याय, नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ, वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात, अशी ती आश्वासने. खंडपीठ मिळाले. अधिवेशनही बहुतेक वर्षी भरले; २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत तेही मुंबईतच झाले. नोकऱ्या आणि निधी यांचे काय झाले, ते सरकारच्याच समितीने सांगितले. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यातील सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे ३९ टक्के, एकट्या विदर्भाचा होता.

करारामागे कायद्याचे बळ नव्हते, हे याचे मूळ कारण. घटनेच्या ३७१ (२) कलमातील विकास मंडळे १९५६ पासून कागदावर होती, ती प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, दोन वेगवेगळ्या रंगांच्या सरकारांना या मंडळांची आठवण फारशी बोचली नाही.

हे सारे वेगळे होण्याच्या बाजूचे. पण एकत्र कुटुंबात धाकट्यावर अन्याय झाला, एवढ्याने वाटणीनंतर त्याची चूल आपोआप पेटते असे नाही. येथेच चिमूर, सिंदेवाही, नागभीड, आरमोरीच्या माणसाची खरी काळजी सुरू होते.

विजेचेच घ्या. 'कोळसा आमचा, पाणी आमचे, राख आमच्या छातीत, आणि वीज मुंबई-पुण्याला' हे वाक्य प्रत्येक सभेत टाळ्या घेते, आणि ते खोटे नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. शहराच्या हवेची अवस्था काय आहे, हे तेथे एक उन्हाळा काढलेल्या कोणालाही विचारावे. परंतु वेगळे झाल्यावर ही वीज विदर्भाची होईल काय? आंध्र प्रदेशाच्या विभाजनाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २ जून २०१४ रोजी तेलंगणा झाला तेव्हा वीज केंद्रे भूगोलाप्रमाणे वाटली गेली, पण वीज मात्र पूर्वीच्या वापराच्या प्रमाणात. तेलंगणाच्या वाट्याला ५३.८९ टक्के आले, कारण हैदराबादचा वापर मोठा होता. हाच नियम येथे लावला तर चंद्रपूरची वीज पहिली अनेक वर्षे मुंबई-पुण्यालाच जात राहील. विजेवरील कराचीही तीच गत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आंध्र प्रदेश विरुद्ध राष्ट्रीय औष्णिक वीज निगम या खटल्यात स्पष्ट केले की, परराज्यात विकलेल्या विजेवर वीज निर्माण करणाऱ्या राज्याला कर लावता येत नाही. वस्तू व सेवा करसुद्धा जेथे माल खपतो तेथील तिजोरीत जातो. राहता राहिले कोळशाचे स्वामित्वधन, १४ टक्के. ते मात्र निश्चितपणे नागपूरच्या तिजोरीत येईल. सूरजागडच्या लोहखनिजाचेही येईल. मग राज्याचा गाडा खनिजावर किती आणि मुंबईच्या बंद झालेल्या ओघावर किती, याचा ताळेबंद कोणी मांडला आहे? मांडला असेल तर तो गावच्या चावडीपर्यंत पोहोचलेला नाही.

धानाच्या शेतकऱ्याचा प्रश्न याला जोडूनच येतो. पूर्व विदर्भातील धान उत्पादकाला हमीभावावर जे प्रोत्साहन मिळते ते राज्याच्या तिजोरीतून. कोरची-कुरखेड्याच्या सीमेपलीकडे छत्तीसगड सरकारने २०२३-२४ पासून क्विंटलला ३,१०० रुपये दिले. १ नोव्हेंबर २००० पर्यंत तो प्रदेश मध्य प्रदेशाचा एक उपेक्षित कोपरा होता, आणि तेथील धानाचे धोरण भोपाळला ठरत होते. आज ते रायपूरला ठरते, आणि रायपूरच्या आमदारांतील बहुसंख्यांच्या मतदारसंघात धानच पिकते. लहान राज्याच्या बाजूने याहून सबळ पुरावा शोधून सापडणार नाही. मात्र छत्तीसगडजवळ कोळसा, लोखंड आणि भिलाईचा पोलाद कारखाना होता, त्याची राजधानी धानाच्या पट्ट्यातच होती. विदर्भाच्या विधानसभेत धानपट्टा अल्पमतात असेल. कापूस आणि सोयाबीनचे जिल्हे संख्येने जास्त आहेत. नागपूर चिमूरहून शंभर किलोमीटरवर आहे खरे, पण भामरागडहून नागपूर काही जवळ नाही.

या शंकेला अनुभवाचा आधार आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली झाला. जंगल गडचिरोलीकडे गेले, कोळसा आणि वीज केंद्र चंद्रपूरकडे राहिले. चिमूर दोन्हींच्या मधे. आज चिमूर तालुका चंद्रपूर जिल्ह्यात, लोकसभा मतदारसंघ गडचिरोली-चिमूर, ज्यात गोंदियाचे आमगावही येते. आणि 'क्रांती जिल्हा' व्हावा ही चिमूरची मागणी जुनीच राहिली आहे. विभाजनाची रेषा कोठे पडते यावर कोणाचे नशीब कोणाबरोबर बांधले जाते, हे या तालुक्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

पाण्याचा प्रश्न तर शेजारी राज्याने दारातच आणून ठेवला. तेलंगणाने गोदावरीवर मेडीगड्डा बॅरेज बांधला, त्यासाठी ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्राबरोबर करार झाला, आणि २०१९ नंतर सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी फुगवट्याच्या पाण्याखाली जाऊ लागल्या. सिरोंच्याची कैफियत मुंबईत पोहोचायला वेळ लागला, हे सत्य आहे. नागपूरचे सरकार असते तर ती लवकर पोहोचली असती काय? बहुधा हो. परंतु हैदराबादपुढे त्या सरकारचे वजन किती असते, हा पुढचा प्रश्न. आणि त्याचे उत्तर तेवढे सरळ नाही.

राजकीय पक्षांचे वर्तन या विषयात कोणालाच शोभा देणारे नाही. लोकनायक बापूजी अणे १९६२ साली, जांबुवंतराव धोटे १९७१ साली याच प्रश्नावर नागपुरातून लोकसभेत गेले. पुढे काँग्रेसच्या विदर्भवाद्यांनी निवडणुकीपुरता विदर्भ आठवला. भाजपने १९९७ च्या भुवनेश्वर कार्यकारिणीत ठराव केला, २००० साली अटलजींच्या सरकारने तीन नवी राज्ये निर्माणही केली, परंतु विदर्भाच्या वेळी मित्रपक्ष आडवा आला आणि पुढे बहुमत मिळूनही ठराव ठरावच राहिला. मतदारानेही सावधपणे वागून घेतले. जनमंच या संघटनेने नागपूर-अमरावतीत घेतलेल्या जनमतात वेगळ्या राज्याला प्रचंड कौल मिळाला, पण केवळ याच मुद्द्यावर उभ्या राहणाऱ्या उमेदवारांना अलीकडच्या निवडणुकांत यश आलेले नाही. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. वस्तुतः तो शेतकऱ्याचा स्वाभाविक विचार आहे: वेगळे होण्याला त्याची ना नाही, पण वाटणीपत्र दाखवल्याशिवाय तो अंगठा उठवणार नाही.

आणि ते वाटणीपत्र तयार करणे अशक्य मुळीच नाही. आंध्रच्या कायद्यात कर्जाची वाटणी लोकसंख्येनुसार ५८.३२ आणि ४१.६८ टक्के अशी लिहिली होती. नोकरवर्ग, निवृत्तिवेतन, महामंडळे यांच्या याद्या होत्या. जे नीट लिहिले ते निभावले. जे मोघम ठेवले ते, म्हणजे कृष्णेचे पाणी आणि नवव्या-दहाव्या परिशिष्टातील संस्था, दहा वर्षांनंतरही भांडत राहिले. विदर्भाची बाजू एका बाबतीत उजवी आहे: नागपुरात विधान भवन आहे, उच्च न्यायालयाची इमारत आहे, १९५६ पर्यंत राजधानी चालवलेले शहर आहे. अमरावतीसारखी शेतात नवी राजधानी वसवण्याचा खर्च येथे पडणार नाही. उरलेली कलमे राज्याच्या वित्त व नियोजन खात्यांकडील आकड्यांवरून एका वर्षात मांडता येतील. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे निर्णय संसदेचा आहे, विधानसभेचे केवळ मत घ्यायचे आहे. तेव्हा हा मसुदा विधेयकापूर्वी जनतेसमोर ठेवण्यास कोणतीही घटनात्मक अडचण नाही.

रेषा मोघम राहिली की काय होते, ते पाहायचे तर जिवती तालुक्यातील चौदा गावांत जावे. राजुरा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग नांदेडला जोडला गेला, १९५९ मध्ये चंद्रपूरला. सीमा आखताना परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा आदी गावांचा गुंता राहून गेला. तेथील लोकांनी वर्षानुवर्षे दोन राज्यांच्या निवडणुकांत मतदान केले, दोन शिधापत्रिका बाळगल्या, मुलांना एका गावात मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा पाहिल्या. शेतजमिनीचा पट्टा मागायला गेल्यावर मात्र दोन्ही दारांतून परत फिरले. विदर्भ वेगळा झाला तर या गावांची फाइल मुंबईहून नागपूरला वर्ग होईल. तिच्या पहिल्या पानावर काय लिहिले जाईल, हे त्या गावकऱ्यांना सांगण्यासाठी आजवर कोणी विदर्भवादी अथवा अखंड महाराष्ट्रवादी नेता माणिकगडचा घाट चढून गेलेला नाही.