सूर अडला असता

मालवण परिसरातील जत्रांत रंगणाऱ्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावरच जुळतात; साथीला पायपेटी, मृदंग, झांज. उच्चारलेला शब्द पुसण्याची तेथे सोय नाही. म्हणूनच नट अडून बसत नाही, असे मला वाटते.

घरी मात्र आपण अडतो. चाल सुचते, ती निर्दोष झाल्यावरच नोंदवू, असे ठरते आणि पेटीचे झाकण वर्षभर उघडत नाही. हाताची सवय मोडली की नवे सुचणेही थांबते. ही हानी लहान नव्हे.

वाचकहो, अशा वेळी एकाच बैठकीत, तीन मिनिटांत, आहे तसे मुद्रण करावे. मोबाईल पेटीवर ठेवू नये, भात्याचा प्रत्येक धक्का त्यात उतरतो. दोन हात दूर, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवावा. समुद्राकडील खिडकी लावून घ्यावी, कारण वारा गाण्याहून मोठा ऐकू येतो. (कौलांवरच्या पावसाला इलाज नाही.) लगेच ऐकू नये. रचणारा आणि तपासणारा एकाच वेळी बसले की रचणारा उठून जातो.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२च्या जानेवारीत घरीच साध्या कॅसेट यंत्रावर काही गीते कच्ची मुद्रित केली. पुढे स्टुडिओत वादकांसह ती पुन्हा करून पाहिली, मन भरेना. अखेर ते घरचे मुद्रणच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाले.

आपले मुद्रण प्रसिद्ध होण्याची गरज नाही. आरंभी तारीख उच्चारून ते जपावे आणि आठ दिवसांनी त्यातील एखादी ओळ उचलून पुढचे करावे.