चिखलांतील मोटार आणि विजेचा रहाट

भातकुली तालुक्यांतील एका वाचक गृहस्थांचें दीर्घ पत्र आमच्यापुढें आहे. घर एकत्र, मातोश्री, वडील बंधु, धाकटे दोघे व त्यांचीं मुलेंमाणसें असा परिवार. शेती बरीच, आणि दारांत दोन वर्षांपूर्वीं घेतलेली, चारहि चाकांना जोर पोंचविणारी थार गाडी. गेल्या भाद्रपदांत मध्यरात्रीं धाकट्या सूनबाईंस प्रसूतीकरितां अमरावतीस नेत असतां ही गाडी गांवाबाहेरच्या पांदणींत रुतली. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आला, दोर बांधला, पहिल्याच हिसक्यास तो तुटला आणि त्याचें लोखंडी कडें उलट उसळून गाडीच्या दिव्यावर आदळलें. क्षणापूर्वीं त्या दिव्यापाशीं घरांतला पुतण्या उभा होता. मुलास कांहीं झालें नाहीं, बाळ-बाळंतीणहि सुखरूप आहेत; परंतु तेव्हांपासून घरांत वाद चालू आहे. धाकटे बंधु म्हणतात, गाडीस विंच बसवावाच. वडील बंधु म्हणतात, गांवांत ट्रॅक्टर असतां ही उधळपट्टी कशास? दोन्ही पक्षांनीं आम्हांस पंच नेमलें आहे.

आमचा निकाल आरंभींच सांगून टाकतों. विंच ही वस्तु वाईट नव्हे. परंतु भातकुलीच्या जमिनींत तिचा क्रम पहिला लागत नाहीं, फार तर चवथा-पांचवा लागतो. वडील बंधूंनीं मात्र यावरून आपला जय झाला असें समजूं नये. त्यांच्या ट्रॅक्टराविषयींहि आम्हांस बोलावयाचें आहे.

प्रथम जमिनीचा विचार करूं. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी माती म्हणजे बहुतांशीं मॉन्टमोरिलोनाइट या जातीची चिकणमाती. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला पाय अडकेल एवढाल्या भेगा पडतात. कोंकणांत किंवा मावळांत चिखलांत रुतलेलें चाक फिरतां फिरतां खालच्या मुरमास वा कातळास लागतें आणि गाडी निघून जाते. खारपाणपट्ट्यांत खालीं शेकडो फूट गाळाची मातीच आहे. चाक जितकें जास्त फिरवाल तितकें तें खालीं जातें. शिवाय ही माती टायराच्या खांचांत बसली कीं सुटत नाहीं. घटकाभरांत खांचा बुजून टायर गुळगुळीत होतो, मग थरावर थर चढून चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें माती ठेचून बसते. बंडीच्या चाकाची ही दशा वऱ्हाडांतील प्रत्येक शेतकऱ्यानें पाहिली आहे. मोटारीस निराळा न्याय नाहीं.

आतां विंच. गाडीच्या नाकाशीं बसविलेला हा विजेचा रहाट होय. ढोलावर तार किंवा दोर गुंडाळलेला असतो. त्याचें टोंक पुढें एखाद्या अढळ वस्तूस बांधावयाचें आणि यंत्र सुरू केलें कीं गाडी आपण होऊन त्या वस्तूकडे ओढली जाते. या वर्णनांतील ‘अढळ वस्तु’ हे दोन शब्द जाहिरातींत बारीक अक्षरांत असतात, किंवा नसतातच. मेळघाटांत साग आहे, सह्याद्रींत खडक आहे. भातकुलीच्या पांदणींत शंभर पावलांत एखादी बाभूळ असली तर नशीब, आणि तीहि गाडीच्या समोरच असेल असें नाहीं. पावसाळ्यांत फुगलेल्या मातींत तिचें मूळ कितपत तग धरील हाहि प्रश्नच. झाड नसेल तेथें लोखंडी पहारी तिरप्या ठोकून, पहिल्या ओळींत तीन, दुसरींत दोन, तिसरींत एक अशा एकमेकींस बांधून आधार करतां येतो. स्टेपनी आडवी पुरून तिला दोर बांधण्याचीहि रीत आहे. परंतु रात्रीं पावसांत, गाडींत कळा देणारी सून असतां, तीन फूट खड्डा कोण खणणार? आणि जो खणील त्यानें तोच खड्डा चाकांपुढें खणला तर बहुधा विंचची गरजच पडणार नाहीं.

हें आम्ही सहज म्हणत नाहीं. त्यामागें गणित आहे. रुतलेल्या गाड्या काढण्याचा लष्करी ठोकताळा असा कीं, चाकें बुडालीं असतील तर गाडीच्या वजनाएवढा जोर लागतो, चिखल मडगार्डापर्यंत आला असेल तर दुप्पट, आणि बसण्याच्या जागेपर्यंत आला असेल तर तिप्पट. उलट विंच निवडतांना माल-माणसांसह गाडीचें जें वजन, त्याच्या दीडपट शक्तीचा घ्यावा असा प्रघात आहे. थारचें भरलेलें वजन सव्वादोन टन धरलें तर 8000 पौंडांचा, म्हणजे सुमारें 3600 किलोंचा विंच पुरेसा वाटतो. जिम्नीसारखी हलकी गाडी असेल तर 6000 पौंडांत भागतें. पण मडगार्डापर्यंत रुतलेल्या थारला साडेचार टनांचा जोर हवा, तेथें हा विंच हात टेकतो. त्यांतहि 3600 किलो हा आंकडा ढोलावर तारेचा पहिलाच थर असतांनाचा आहे. थर चढत गेले कीं ओढ कमी होते, आणि चवथ्या थरावर ती जवळजवळ एक-तृतीयांश घटलेली असते. दोर एका कप्पींतून फिरवून परत गाडीशीं आणला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि गति निम्मी. म्हणून विंच घेणाऱ्यानें कप्पी घेतलीच पाहिजे. पूर्ण ताणावर हें यंत्र 400 अँपिअरच्या आसपास वीज ओढतें. इंजिन चालू असलें तरी तेवढी वीज त्याच्याकडून मिळत नाहीं, बाकीची बॅटरींतून जाते. कांहीं मिनिटांतच बॅटरी मान टाकते. ज्या कुटुंबाच्या गाडीची बॅटरी सकाळीं कुरकुरत असेल त्यानें आधीं तिची व्यवस्था पाहावी.

कायद्याचीहि बाजू आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम गाडीच्या मूळ रचनेंत मनमानी फेरफार करूं देत नाहीं. डिसेंबर 2017 मध्यें केंद्र सरकारनें पुढील लोखंडी कठड्यांविरुद्ध राज्यांस लिहिलें, आणि जानेवारी 2019 मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि मूळ रचना बदलण्यास बंदी असल्याचें स्पष्ट केलें. विंच बसविण्याकरितां कारखान्याचा बंपर काढून जड लोखंडी बंपर लावतात, तेव्हां हाच प्रश्न उभा राहतो. त्याहून महत्त्वाचें असें कीं, अपघातांत फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांचा हिशेब मूळ बंपर कसा चेपतो यावर बसविलेला असतो. रस्त्यावरील धोका वाढवून पांदणींतील सोय विकत घेणें हा व्यवहार आम्हांस पटत नाहीं. विंच आणि बंपर मिळून गाडीच्या नाकावर साठ-सत्तर किलो वजनहि सहज चढतें, आणि काळ्या मातींत वजन हाच मुख्य शत्रु. 1985 पासून 2018 पर्यंत बनत असलेली मारुतीची जिप्सी एवढी कां नांवाजली? तिच्यांत जोर फार होता म्हणून नव्हे. ती टनभरहि वजनाची नव्हती म्हणून.

मग पहिला रुपया कोठें खर्चावा? आमच्या मतें दोरावर आणि तो अडकविण्याच्या आंकड्यांवर. पत्रांतील प्रसंगीं गाडी रुतली हा अपघात नव्हता. दोर तुटला हा अपघात होता. गाडीखालीं एक पातळसर कडी असते, ती जहाजावर किंवा मालगाडींत वाहन बांधून ठेवण्याकरितां. रुतलेली गाडी ओढण्याकरितां नव्हे. गाडीच्या सांगाड्यासच मजबूत बोल्टांनीं पक्के केलेले आंकडे पुढें व मागें आहेत कीं नाहींत हें अधिकृत कारागिराकडून पाहून घ्यावें. दोर जाड नायलॉनचा, ताण घेऊन लांबणारा असावा. त्यानें हिसका न बसतां गाडी हळूहळू उचलली जाते. साखळीनें किंवा पोलादी तारेनें झटका कधींच देऊं नये. दोन दोर लोखंडी कडें घालून जोडूं नयेत, कारण दोर तुटला कीं तें कडें बंदुकीच्या गोळीसारखें जातें. ताणलेल्या दोरावर ओली घोंगडी किंवा अर्धवट भरलेलें पोतें टाकावें. आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरांत चालकाखेरीज कोणीहि उभें राहूं नये. मुलांस तर गंमत पाहण्यासहि जवळ येऊं देऊं नये. आज बहुतेक घरांतून सुनाहि गाडी चालवितात, तेव्हां हे नियम पुरुषमंडळींनीं आपल्यापाशींच ठेवूं नयेत.

आतां वडील बंधूंचा ट्रॅक्टर. भातकुलींत अढळ वस्तु मिळत नाहीं हें खरें, पण चालता-बोलता ट्रॅक्टर मिळतो, म्हणून तो विंचपेक्षां उपयोगी हेंहि खरें. तथापि दोर ट्रॅक्टराच्या मागील आंसाच्या वरच्या अंगास बांधला आणि ओढ अडली, तर पुढचीं चाकें उचलून ट्रॅक्टर चालकासह मागें उलटतो. चालकास उडी मारण्याइतकाहि अवधि राहत नाहीं. दोर नेहमीं खालच्या ओढपट्टीसच बांधावा, ट्रॅक्टर लहान गिअरांत सावकाश चालवावा, आणि पुढचीं चाकें उचलूं लागतांच क्लच दाबावा. हें न पाळणाऱ्या घरीं ट्रॅक्टर असण्यापेक्षां नसलेला बरा.

यानंतर फावडें, दोन जाड फळ्या, हवेचा दाब मोजण्याचें यंत्र आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. दाब तीसवरून वीसच्या सुमारास उतरविला कीं टायर पसरून अधिक जमिनीवर टेकतो. डांबरी रस्त्यावर येतांच पुन्हां हवा भरावी. टायर असलेले झिजले म्हणजेच बदलावे. चिखलाचे म्हणून जे मोठ्या खांचांचे टायर विकतात ते फिरतांना माती थोडीफार झटकतात, परंतु पावसांत डांबरावर त्यांची पकड कमी असते आणि आवाज कानठळ्या बसविणारा. वर्षांतून दहा दिवस पांदणींत आणि बाकीचे अमरावतीच्या रस्त्यावर जाणाऱ्या कुटुंबानें मधल्या जातीचे टायर घ्यावे, आणि कारखान्यानें सांगितलेल्या मापाचेच घ्यावे.

धाकट्या बंधूंची हौस मोडावी असें आमच्या मनांत नाहीं. दांडा मागेंपुढें करून चालविण्याचा हाताचा रहाट बाजारांत मिळतो. दीड-पावणेदोन टन ओढणारा घेतला आणि त्यास कप्पीची जोड दिली, तर काम मंद पण निश्चित होतें. तो डिकींत पडून राहतो, बंपरास हात लावावा लागत नाहीं, बॅटरीहि लागत नाहीं, आणि गाडी मागें ओढावयाची असेल तर मागेंहि लावतां येतो. अढळ वस्तूची अडचण त्यालाहि आहेच. पण ट्रॅक्टर दुरून, कोरड्या जागेवर ब्रेक लावून आणि चाकांस अडण लावून उभा केला तर तोच खुंटा होतो. दोघां बंधूंचा समेट येथें व्हावा.

प्रसूतीविषयीं एवढेंच, कीं असा दिवस पावसाळ्यांत येणार असेल तर आठ-पंधरा दिवस आधींच सूनबाईंस अमरावतीस नातलगांकडे नेऊन ठेवावें. मेळघाटांत आरोग्यकेंद्रांपाशीं ‘माहेरघर’ याच हेतूनें आहे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिकाहि पक्क्या रस्त्यापर्यंतच खात्रीनें येते, हें ध्यानांत ठेवून तिला गाडी काढण्यापूर्वींच बोलवावें.

पत्राच्या शेवटीं टपावर चार प्रखर दिवे बसवावे काय, असें विचारलें आहे. बसवूं नयेत. समोरून येणाऱ्या बैलजोडीचे डोळे त्यानें दिपतात आणि पोलीसहि दंड करतात. रुतलेल्या चाकापाशीं टपावरचा उजेड तसाहि पोंचत नाहीं. तेथें कपाळास बांधावयाची लहान विजेरी हवी, म्हणजे दोन्ही हात फावड्यास मोकळे राहतात.