गेर आणि कॅमेरा

रंगपंचमी जवळ आली की इंदूरच्या हौशी फोटोवाल्यांना एकच प्रश्न पडतो: गेरमध्ये कॅमेरा न्यायचा की नाही? टोरी कॉर्नरहून निघालेली गेर राजवाड्याकडे येते, तेव्हा टँकरमधून रंगीत पाणी आणि यंत्रांतून गुलाल उडत असतो. पाणी निदान पुसता येतं; गुलालाची बारीक पूड लेन्सच्या रिंगमध्ये शिरून बसते.

माझे नियम साधे आहेत. लेन्स घरूनच लावून निघायचं, गर्दीत बदलायची नाही. झूम आत-बाहेर होताना हवेबरोबर धूळही ओढते, म्हणून ३५ मिमीची फिक्स लेन्स बरी. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि लेन्सपुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर. शटर १/१००० सेकंद ठेवलं की उडालेला रंग हवेतच थबकतो. सूर्य गुलालाच्या मागे येईल अशी जागा धरा. सगळा ढग उजळून निघतो. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. ओलं फडकं शेवटी, कारण भिजलेला गुलाल चिकटतो.

गच्चीवर कॅमेरा कोरडा राहतो, सातमजली राजवाड्यासह सगळी गर्दीही फोटोत मावते. पण रंगात न्हालेल्या आजोबांचं हसू वरून दिसत नाही. तेवढ्यासाठी मी खाली उतरतो, तेही जुना कॅमेरा घेऊन; नवा घरीच राहतो. तुमच्याकडे एकच असेल, तर मोबाइल पिशवीत घालून या. पण या नक्की!