जळालेल्या खेड्यांची साक्ष

बेलारूसच्या ‘बेलारूसफिल्म’ या सरकारी चित्रसंस्थेला थट्टेने ‘पार्टिझानफिल्म’ म्हटले जाई. जंगलांच्या आश्रयाने फॅसिस्टांशी लढलेले पार्टिझान सोडून या संस्थेला दुसरा विषयच सुचत नाही, असा त्या थट्टेचा रोख होता. थट्टा करणाऱ्यांना इतिहासाचा विसर पडला होता. दुसऱ्या महायुद्धात या देशाची सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्या नष्ट झाली. शेकडो खेडी माणसांसकट जाळण्यात आली. २२ मार्च १९४३ रोजी एकट्या खातिन गावात १४९ जणांचा बळी गेला. त्यांत ७५ बालके होती. अशा जनतेने युद्धाविषयी किती काळ बोलावे, हे इतरांनी ठरवू नये.

खरा प्रश्न निराळाच आहे. ही स्मृती पडद्यावर कोणाच्या मुखाने बोलते? अधिकाऱ्यांच्या, की ज्यांनी ती भोगली त्यांच्या?

दिग्दर्शक व्हिक्टर तुरोव याचे वडील नाझींच्या हातून मारले गेले आणि तो स्वतः आईसह जर्मनीत नेला गेला. त्याच्या १९६४ च्या ‘स्मशानातून’ या चित्रपटात विजयाचे नगारे वाजत नाहीत, ते याचमुळे. लेखक आलेस आदामोविच कोवळ्या वयात पार्टिझानांमध्ये सामील झाला होता. पुढे यांका ब्रिल आणि व्लादिमिर कोलेस्निक या सहकाऱ्यांसह तो गावोगाव हिंडला व आगीतून वाचलेल्या शेकडो खेडुतांच्या साक्षी त्याने नोंदवून घेतल्या. या साक्षींचा आधार घेऊनच एलेम क्लिमोवचा ‘या आणि पहा’ हा चित्रपट उभा राहिला. परंतु सोव्हिएत चित्रपट खात्याला त्यातील नग्न सत्य मानवले नाही आणि चित्रपट वर्षानुवर्षे रखडला. अखेर १९८५ मध्ये तो प्रदर्शित झाला व मॉस्को महोत्सवात सुवर्ण पारितोषिकाचा मानकरी ठरला. जनतेच्या नावाने चालणाऱ्या खात्याने जनतेचीच साक्ष अडवून धरावी, ही लाजिरवाणी गोष्ट होती. तिच्यावर पांघरूण घालण्यात कोणाचेही हित नाही.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, पण ती वृत्ती विसर्जित झाली नाही. पार्टिझानांकडे वेगळ्या दृष्टीने पाहणाऱ्या आंद्रेई कुदिनेंकोच्या ‘ताबा : रहस्यनाट्ये’ या चित्रपटावर बेलारूसमध्ये बंदी आली. २०२० च्या जनआंदोलनानंतर तर अनेक चित्रपटकर्मींना देश सोडावा लागला.

भाषेची कथाही हीच आहे. बेलारूसच्या शेतकऱ्यांचे जीवन दाखवणारे बहुतेक चित्रपट रशियन भाषेत निघाले. ‘या आणि पहा’मध्ये खेडूत आपल्या बोलीत बोलतात, तेव्हा ती पात्रे न वाटता साक्षीदार वाटतात. रशियन ही काही शत्रूची भाषा नव्हे. परंतु ज्या बोलीत आईने टाहो फोडला, ती बोली तिच्याच कथेतून वगळली गेली तर राष्ट्रीय चित्रपटात राष्ट्र कितीसे उरते?

शौर्याची स्मारके शासन उभारू शकते. साक्ष मात्र जनतेलाच द्यावी लागते, आणि तीही स्वतःच्या वाणीने. बेलारूसच्या चित्रपटाचे थोरपण अशा साक्षीत आहे. ती देणाऱ्यांचा मार्ग मोकळा ठेवणे हाच खातिनच्या मृतांचा खरा सन्मान होय.