‘नुसता कागद’ नव्हे, तेच मोजमाप

मे २०२५ मध्ये भारतीय आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. कारण कीड नव्हते. नवी मुंबईत झालेल्या विकिरण प्रक्रियेच्या कागदपत्रांतील त्रुटी हे होते. परत आणण्यापेक्षा निर्यातदारांनी तो माल नष्ट करणे पत्करले. ‘नुसत्या कागदापायी आंबा मातीत गेला’ असा सूर तेव्हा उमटला. संताप रास्त आहे. ‘नुसता’ हा शब्द मात्र चुकीचा आहे.

कोयकिडा कोयीत दडतो. फळ कापल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणून २००७ साली अमेरिकेची दारे भारतीय आंब्याला पुन्हा उघडली, ती किमान ४०० ग्रे मात्रेच्या अटीवर. ४०० ग्रे म्हणजे किलोमागे ४०० ज्यूल. एवढ्या ऊर्जेने फळाचे तापमान जेमतेम ०.१ अंशाने वाढते. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. फळातील अणुकेंद्रे किरणोत्सारी करण्यास ती अपुरी आहे. तेव्हा ‘आंबा किरणोत्सारी होतो’ ही भीती निराधार आहे.

पण याच गुणाची दुसरी बाजू पाहिली जात नाही. प्रक्रिया झालेले फळ न झालेल्या फळासारखेच दिसते. कीड लगेच मरेलच असे नाही. तिची वाढ आणि प्रजनन खुंटते, एवढेच अपेक्षित असते. म्हणजे परदेशातील तपासनीसाने फळ कापले आणि आत जिवंत अळी सापडली, तरी प्रक्रिया झाली की नाही हे तिच्याकडे पाहून कळत नाही. ते सांगते फक्त मात्रामापकाचे वाचन आणि त्याची नोंद. ती नोंद सदोष असेल, तर वैज्ञानिकदृष्ट्या मात्रा सिद्ध झालेलीच नाही. प्रयोगवहीतील आकडा हरवला, तर प्रयोग झाला असे कोणता परीक्षक मानेल?

खरा दोष आपल्या दृष्टीत आहे. कोबाल्टचा स्रोत म्हणजे विज्ञान आणि नोंदवही म्हणजे कारकुनी, ही वाटणी आपणच केली. तिची किंमत मोजली ती नोंद ज्यांच्या हाती नव्हती त्यांनी.

हा प्रश्न कोकणापुरता नाही. छत्तीसगडला समुद्रकिनारा नाही. रायपूरहून परदेशी निघालेले फळ आधी देशातच लांबचा प्रवास करील. एका चुकीच्या आकड्यानंतर त्याला दुसरी संधी मिळणार नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयापासून लासलगावच्या विकिरण केंद्रापर्यंत, कीटकशास्त्राइतकेच मात्रामापन शिकवले गेले पाहिजे. आणि खेप विमानात चढण्यापूर्वी प्रत्येक नोंद दुसऱ्या डोळ्यांनी तपासली गेली पाहिजे. अदृश्य उपचाराचा पुरावा दृश्यच असावा लागतो.