आधी अर्थिंग, मग यंत्र

पंप, स्टार्टर व घरातील उपकरणे यांवर शेतकरी बंधू हजारो रुपये खर्च करतात. परंतु अर्थिंगवर खर्च करताना हात आखडता घेतात. आमच्या मते ही काटकसर नव्हे, उधळपट्टीच होय.

घरगुती विजेचा दाब सामान्यतः २३० व्होल्ट असतो. वळवाच्या दिवसांत तारांवर अथवा तारांनजीक वीज कोसळल्यास क्षणार्धात हजारो व्होल्टांचा लोट आत शिरतो. सर्ज अरेस्टर हा लोट गिळून टाकीत नाही, तर जमिनीकडे वळवितो. बांधाला सांडवा नसेल तर बांध फुटतो; तद्वत अर्थिंग नसेल तर अरेस्टर असूनही उपकरण जळण्याची भीती राहते.

न्यूट्रल तार तुटल्यास मात्र संकट निराळे. तेव्हा घरातील उपकरणांवर ४०० व्होल्टांपर्यंत दाब येऊन टिकून राहू शकतो. तेथे अरेस्टर पुरा पडत नाही; जादा दाब येताच पुरवठा तोडणारे साधन हवे. तीन फेजच्या पंपास सिंगल फेज प्रिव्हेंटर असावा, आणि तो वगळून मोटार चालविण्याचा मोह टाळावा.

अर्थिंगचा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. मोटारीच्या लोखंडी कवचात उतरलेली वीज माणसाचा व बैलाचा जीव घेते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृग नक्षत्रापूर्वी परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक पंपाची तपासणी करवून घेण्याचा आग्रह धरावा. बियाण्याइतकीच ही पूर्वतयारी अगत्याची आहे.